लोकर बांधलेल्या मिरच्या

सुमन, सकाळपासून मी तीन वेळा परसात जाऊन आले. पहिल्यांदा दोरीवरचे कपडे सरळ केले. दुसऱ्यांदा खराटा कोपऱ्यात नीट उभा केला. तिसऱ्यांदा काहीच काम नव्हतं, तरी गेले. घरात बसवत नाही, आणि परसात गेलं की उभं राहवत नाही. समोरचे माग सुरू झाले की मी उठते, बंद पडले की पुन्हा उठते. शेवटी कागद घेतला. हातात पेन असलं म्हणजे निदान एका जागी बसावं लागतं.

हे तुला लिहिते आहे, पण वाचतील इरा आणि नचिकेत. तिकडे मेलबर्नमध्ये दोघांना मराठी वाचता येतं, सावकाश का होईना. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, मलाही सोपं गेलं असतं. पण तुझ्याशी इंग्रजीत भांडणं मला कधी जमलं नाही, आणि आपलं भांडण अजून संपलेलं नाही.

तुझी माहिती वर्तमानपत्रात येऊन गेली. जसोंडीच्या तुझ्या भाच्याने मजकूर दिला होता. जन्म, कचेरीतली नोकरी, निवृत्ती, मागे कोण कोण. त्यात छापलंय, "मितभाषी व मनमिळाऊ स्वभावाच्या." मितभाषी! मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तू दूधवाल्याशी पाऊण तास बोलायचीस, चुकीचा नंबर लागलेल्या माणसालासुद्धा त्याच्या आईची तब्येत विचारायचीस. भाच्याला फोन करून दुरुस्ती छापायला सांगावी असं खरंच मनात आलं. मग वाटलं, छापील गोष्टीवर तुझा विश्वास कधी नव्हताच. जाऊ दे.

मुलांनो, तुमच्या माहितीसाठी एवढंच सांगते की सुमन माझी धाकटी जाऊ. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. दोन्ही भाऊ गेल्यावर सिंधीपुऱ्यातल्या या घरात आम्ही दोघीच राहिलो. तिला मूल झालं नाही, म्हणून तुमचा बाबा तिच्या वाट्याला अर्धा आला, आणि तुम्ही दोघं बहुतेक पूर्णच.

आणि मिरची. मिरचीपासूनच सगळं सुरू झालं.

लग्न होऊन तू या घरात आलीस तेव्हा तुझी ओटी मी उलगडली. मोठी जाऊ म्हणून ते काम माझ्याकडे होतं. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, आणि खाली एक वाळलेली लाल मिरची. मला वाटलं चुकून पडली. मी ती बाजूला काढली तर तू, नवी नवरी, मान खाली घालून बसलेली, एकदम वर बघून म्हणालीस, "ताई, ती टाकू नका. ती माझी आहे."

"ओटीत मिरची घालतात का कोणी?" मी विचारलं.

"आईनं घातली. म्हणाली, सासरी सगळं गोड लागलं तर चांगलंच, नाही लागलं तर ही लाव."

तुझ्या माहेरी तिला नखी म्हणत. बोटाच्या पेराहून थोडी लांब, टोकाशी नखासारखी वळलेली, कच्ची असताना काळपट हिरवी. बाजारात ती कधीच मिळाली नाही. त्या एका मिरचीतलं बी तू परसात टाकलंस, आणि मग इतकी वर्षं दर हंगामाला नखी या घरात होतीच. तिचा तिखटपणा उशिरा येतो. पहिल्या घासाला माणूस म्हणतं, काही विशेष नाही. दुसरा घास घेईपर्यंत कानामागून घाम फुटतो. तुमच्या आजोबांना पहिल्यांदा ठेचा वाढला तेव्हा ते म्हणाले होते, "बरा आहे." आणि मग उठून माठाकडे गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. तू स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होतीस. मी पहिल्यांदा तुला हसताना पाहिलं ते त्या दिवशी.

थंडीत भरताची वांगी आली की तू नखी विस्तवावर भाजायचीस, लसणाबरोबर खलात कुटायचीस, आणि गल्ली खोकायची. समोरच्या नसीमच्या घरातून हाक यायची, "सुमनबाजी, रहम करो!" तू खिडकीतून ओरडायचीस, "थाली भेजो, फिर रहम होगा!" थाळी यायची, भरून जायची. कळण्याची भाकरी, भरीत, वर ठेचा. या सगळ्यात मला फक्त एक गोष्ट खटकायची, आणि ती मी तुला इतक्या वेळा सांगितली की शेवटी शेवटी तू माझं वाक्य माझ्याआधी पुरं करायचीस. "मिसळलं की गेलं." हो, तेच. मिरचीचं फूल शेजारच्या मिरचीच्या फुलाशी मिसळतं. नखीच्या शेजारी तू भज्यांची जाडी मिरची लावायचीस, त्याच्या शेजारी कोणी दिलेली लवंगी, त्याच्या शेजारी आणखी काहीतरी, ज्याचं नाव तुलाही माहीत नसायचं. मी म्हणायचे, अशाने एक दिवस नखी राहणारच नाही. आईस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून मी रोपांजवळ खोचायचे. आठवड्याने बघावं तर माझी 'नखी' लिहिलेली काडी वांग्याला टेकू दिलेली, आणि 'लवंगी' घेऊन तू पाठ खाजवत बसलेली.

मी मलमलच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि नखीच्या कळ्यांवर बांधल्या, मधमाशी बसू नये म्हणून. तू परसाच्या पायरीवर चहा पीत बघत होतीस.

"ताई, फुलाला घुंगट कशाला? मधमाशी काय सासरा आहे?"

"बी शुद्ध राहायला पाहिजे, सुमन."

"शुद्ध राहून कुठे जायचंय तिला? परीक्षेला बसायचंय?"

पण पिशव्या तू काढल्या नाहीस. मला शाळेतून यायला उशीर झाला तर जोराच्या वाऱ्यात सुटलेली एखादी पुन्हा बांधूनही ठेवायचीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

तुझी पद्धत वेगळी होती. सगळ्यांत निरोगी झाड निवडायचं, त्याच्या पहिल्या बहराच्या मिरच्या पिकू द्यायच्या, देठाला लोकरीचा तुकडा बांधायचा. लोकर दिसली की घरात कोणी हात लावायचं नाही. आणि आदल्या वर्षीचं उरलेलं बी तू ठेवत नव्हतीस. "शिळं बी रुसतं," म्हणून वाटून टाकायचीस. कचेरीतल्या बायका, भाजीवाली, देवळातली फुलवाली, रिक्षावाल्याची आई. मी म्हणायचे, थोडं डबीत ठेव, अडीअडचणीला. तू म्हणायचीस, "ताई, टेंशन नका घेऊ. मिरची आहे, सोनं नाही."

यंदा दिवाळीला मी म्हटलं की नखीचा तिखटपणा उतरलाय. मला खरंच तसं वाटलं होतं. तू भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलीस, जसं काही मी तुझ्या आईबद्दल वाईट बोलले.

"मिरची तीच आहे. आपली जीभ म्हातारी झालीय."

"माझी जीभ ठीक आहे. तुझी मिरची मिसळलीय."

"मग मुलं येऊ द्या सुट्टीत. त्यांची जीभ तर नवी आहे ना? ती सांगतील."

सूनबाईने फोनवरच सांगून टाकलं की मुलांना असलं काही चाखवायचं नाही. तू मला हळूच म्हणालीस, "टोकाचं एवढंसं. तिला काय कळतंय." आपण दोघी थांबलो होतो मुलांसाठी. मुलं आली. आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तू पायरीवर बसल्या बसल्या गेलीस. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. चहा अर्धा होता, एवढंच.

यंदा बोकड्या पडला होता. रोपांची पानं आक्रसून गेली, एकेक करून सगळी नखी उपटून टाकावी लागली. एकच झाड वाचलं. त्या झाडावर सात मिरच्या पिकायला ठेवून तू गुलाबी लोकर बांधली होतीस, इराच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची. बाकी घरात नखीचं बी कुठेच नव्हतं. मागच्या वर्षीच्या वाळल्या मिरच्या कांडून झाल्या होत्या. जे होतं ते त्या झाडावर होतं.

आपल्याकडे दहा दिवस फोडणी नाही. जिच्या फोडणीने गल्ली खोकायची तिच्या घरात दहा दिवस वरण-भात आणि उकडलेल्या भाज्या. तुकईथडहून विमलताई आल्या, ह्यांची चुलत बहीण. आल्याबरोबर त्यांनी स्वयंपाकघर, अंथरुणं, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी सगळं अंगावर घेतलं. मी बाहेरच्या खोलीत येणाऱ्यांसमोर बसून होते. कोण काय बोलत होतं ते मला ऐकू येत होतं, समजत नव्हतं. विमलताई नसत्या तर त्या दिवसांत या घरात कोणी जेवलंच नसतं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून मुलं त्यांना नावं ठेवणार नाहीत.

दहाव्याच्या आदल्या दिवशी इराला ताप भरला. आम्ही गोळी दिली, झोपवलं. विमलताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीले ताप भरला न् तुम्ही गोळ्याच देऊन राहिल्या. दृष्ट काढली का कोणी?"

"विमलताई, सुतकात दृष्ट काढतात का?"

"लेकराले कसलं सुतक, वहिनी? बाहेरदेशातून आलेली पोर, गोरीपान, शंभर माणसाची नजर फिरून राहिली तिच्यावर."

मला वाद घालायची ताकद नव्हती. वाद घालायला माझ्याकडे तू होतीस, आणि तू गेली होतीस. मी म्हटलं, काढा. त्या परसात गेल्या. मग इराच्या उशाशी त्या काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने शेगडीत मीठ तडतडल्याचा.

सुमन, त्यानंतर जे झालं ते तू बघायला हवं होतंस.

आधी परसातला भाचा खोकला. मग स्वयंपाकघरातल्या बायका. मग धूर माजघरातून बाहेरच्या खोलीत आला, आणि सांत्वनाला आलेली माणसं एकेक करून तोंडाला रुमाल लावून उठायला लागली. तुझ्या कचेरीतले साहेब, जे अर्धा तास गीतेतलं काहीतरी सांगत होते, ते चपला न घालताच रस्त्यावर पळाले. नचिकेत शिंकत होता आणि हसत होता. ज्या नातेवाइकांच्या डोळ्यांत तू गेल्यापासून पाण्याचा थेंब आला नव्हता ते सगळे गल्लीत उभे राहून घळाघळा रडत होते. समोरच्या खिडकीतून नसीम ओरडली, "या अल्लाह, सुमन की मिर्च!" आणि ओरडता ओरडता तिचा आवाज फुटला.

मी भिंतीला धरून खोकत होते. नाकातून, डोळ्यांतून पाणी, घशात आग. आणि पहिला विचार काय आला असेल मनात? तुला सांगायला हवं. तू जिंकलीस. तिखटपणा तसूभरही उतरला नव्हता. म्हातारी माझी जीभच झाली होती. मी खरंच मागे वळले, "सुमन" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेव्हा कळलं की ही तुझीच मिरची जळते आहे. आणि मग कळलं, कुठली.

मी परसात धावले. या वयात धावणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. झाडावर एकही मिरची नव्हती. विमलताई शेगडीजवळ पदराने डोळे पुसत उभ्या होत्या आणि खूश होत्या.

"दृष्ट नव्हतीच वं वहिनी. एवढा ठसका लागला म्हणजे नव्हतीच. असती तर वासबी आला नसता."

"विमलताई, त्या मिरच्या..."

"सात लागतात न् झाडावर सातच! बघा कसा योग. मले वाटलं सुमननं दृष्टीसाठीच बांधून ठेवल्या. लोकर बांधेल होती ना."

मिरच्या दोऱ्यात बांधून दाराला, गाडीला, पाळण्याला टांगणाऱ्या माणसांच्या घरात दुसरं काय वाटणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ते बी होतं! सगळं बी तेवढंच होतं!" मग त्यांनी मूठ उघडून माझ्यासमोर धरली. तीत गुलाबी लोकरीचे तुकडे होते. देठावरून सोडून, नीट सरळ करून ठेवलेले. "चांगली लोकर आहे, वाया कशाला घालवायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी त्यांच्यावर रागावूही शकले नाही, सुमन. तो राग अजून आत आहे, आणि त्याला कुठे ठेवावं ते मला कळत नाही.

झाडाला पुन्हा फूल येईल म्हणून मी थांबले. पण पाहुण्यांच्या अंघोळीचं साबणाचं पाणी इतके दिवस त्याच आळ्यात जात राहिलं होतं. पानं पिवळी झाली, मग देठ काळे पडले. मी ते उपटलं नाही. आपोआप कललं.

इरा त्या दिवशी खिडकीत होती, अंगावर रजई घेऊन. तिने ऐकलं. मराठी तिला सगळी कळते, बोलायला लाजते एवढंच. ताप उतरला, दिवस झाले, सुट्टी संपली. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात, सामान चढवलेलं, आणि ती माझा हात धरून उभी राहिली. "आजी, सुमनआजीची मिरची माझ्यामुळे संपली का?"

मी म्हटलं, "चल, बाबा हॉर्न वाजवतोय."

तू असतीस तर म्हणाली असतीस, "छे गं, वेडी का तू?" आणि तिला पटलंही असतं. मला असं खोटं सहज येत नाही. आणि खरं सांगायला जीभ उचलली नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मी मिरचीचं ओझं देऊन विमानात बसवलं. तेव्हापासून मला घरात बसवत नाही.

मग मी ठरवलं की बी शोधून काढायचं. तू गावभर वाटलंस ना? मग गावात कुठेतरी असेलच. बी सापडलं की इराला सांगता येईल की काहीच संपलेलं नाही, आणि ते खरंही असेल.

आधी जसोंडीला गेले, तुझ्या माहेरी. तिथून नखी आली, तिथे असणारच. भाच्याच्या बायकोने, उषाने, चहा केला, मला परस दाखवला. परस म्हणजे केळीच केळी, थेट दारापर्यंत. "नखी? आत्याबाई घेऊन गेल्या तीच ना? ती तर आजीबाई गेल्या तेव्हापासून नाही, काकू. आता कोण लावते? बाजारात पाकीट मिळते, सालभर पुरते." तिने मला एक पाकीट दिलंही. मी घेतलं. परत येताना बसमध्ये ते मांडीवर ठेवून मी रागाने त्यावरची बारीक अक्षरं वाचत होते.

भाजीवालीने लावलीच नव्हती, खाऊन टाकली होती. तुझ्या कचेरीतल्या एकीने लावली होती, तिच्याकडे आता त्या जागी स्कूटर उभी असते. फुलवाली म्हणाली, "दीदी, वो तो बकरी खा गई." बकरी! नखी खाऊन त्या बकरीचं काय झालं ते विचारायचं राहिलं.

नसीमकडे मी सगळ्यात शेवटी गेले. खरं तर दार समोरच. पण तिच्या गच्चीवरच्या डब्यांत काय काय एकत्र वाढतं ते मला इथूनच दिसतं, त्यामुळे तिच्याकडून काही अपेक्षा नव्हती. ती मला वर घेऊन गेली. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात एक झाड होतं. मिरच्या होत्या, लाल, पण आखूड, आणि नखीसारख्या खाली न लटकता अर्धवट आभाळाकडे बघणाऱ्या. टोकाला मात्र जरासा बाक.

"ये रही सुमनबाजी की मिर्च."

"ही नखी नाही, नसीम. यात लवंगी मिसळलीय."

"थोड़ी अलग है, मैडम, पर है उसी की. अब आप मिर्च का भी आधार कार्ड मांगोगी?"

मी एक तोडून चावली. तिखट होती. पण लगेच चढली, लगेच उतरली. नखी अशी घाई करत नाही. मी तिला तसं म्हटलं. नसीम हसली नाही. डब्यातली माती बोटाने दाबत राहिली.

"मैडम, एक बात बोलूं? बाजी ने मना किया था. अब तो बाजी ही नहीं है."

आणि तिने सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिची मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, तिला तोंडाला चव नव्हती, आणि तिने तुझा ठेचा मागितला. हंगाम संपला होता. झाडावर फक्त लोकर बांधलेल्या मिरच्या होत्या. तू त्या तोडून दिल्यास. तेवढं मला आठवत होतं, कारण त्यावरून मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. मी विचारलं होतं, आता बी कुठून आणशील? तू म्हणाली होतीस, "एक ठेवली आहे, ताई, लपवून." मी विश्वास ठेवला.

एकही ठेवलेली नव्हती. पुढच्या हंगामाला तू नसीमच्या गच्चीवर गेलीस आणि तिच्या डब्यातल्या झाडाचं बी घेऊन आलीस. तूच कधीतरी तिला दिलेलं, तिच्या लवंगीशेजारी वाढलेलं. "बोली, मैडम को मत बताना, उन्हें रात को नींद नहीं आएगी."

म्हणजे मी मलमलच्या पिशव्या बांधत होते त्या नसीमच्या मिरचीला! इतकी वर्षं! कळीकळीला घुंगट घालत होते, आणि तू पायरीवर चहा पीत बघत होतीस आणि एक अक्षर बोलत नव्हतीस! तू, जिच्या पोटात एक गोष्ट राहत नव्हती! नसीमच्या गच्चीवर मी इतकी हसले की ती घाबरली. मग मला संताप आला. आणखी काय काय सांगितलं नाहीस मला? कोणाला विचारू? वाऱ्याने सुटलेल्या पिशव्या तू पुन्हा का बांधायचीस, निदान ते तरी सांगायला हवं होतंस. मला बरं वाटावं म्हणून? की गंमत म्हणून? दोन्ही उत्तरं मला चालली असती. आता एकही मिळणार नाही.

ती रात्र वाईट गेली, पण सकाळी एक गोष्ट स्पष्ट झाली, इराला काय सांगायचं ती.

रविवारी फोन आला तेव्हा मीच विषय काढला. तिचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ होता, नुसतं कपाळ आणि डोळे.

"इरा, तू मला जाताना एक विचारलं होतंस."

कपाळ आणखी जवळ आलं.

"त्या मिरच्या बीच्या होत्या. सगळ्या जळल्या. आणि तुझ्यासाठीच जळल्या. हे खरं आहे."

"मग माझ्यामुळेच ना," ती म्हणाली.

"ऐक. तुला ताप होता तेव्हा सुमनआजी घरात असती, तर विमलआजीला परसात जावंच लागलं नसतं. सुमनआजीने स्वतः तोडल्या असत्या. मला विचारलंही नसतं. तिने एकदा तोडल्या होत्या, समोरच्या ताईला खावंसं वाटलं म्हणून. मी तिच्याशी खूप भांडले होते. तुझ्यासाठी तोडल्या असत्या तरी भांडले असते."

"मग कोण जिंकलं असतं?"

"तीच. नेहमी तीच जिंकायची. मला ते आत्ता कळलं."

कपाळ मागे गेलं, पूर्ण चेहरा दिसला. तिने विचारलं की मग आता नखी आहे की नाही. मी तिला सांगितलं की मला माहीत नाही. शिक्षिकेने 'माहीत नाही' म्हणू नये असं मी आयुष्यभर मानलं, पण दुसरं खरं उत्तर नव्हतं. नसीमची मिरची नखी आहे असं म्हटलं तर मी खोटी, नाही म्हटलं तर तुझी इतक्या वर्षांची नखी खोटी. मागून नचिकेत ओरडला, "आजी, लावून बघ ना!" त्याला सगळं इतकं सोपं दिसतं.

लावलं आहे. मिरची फोडताना बोटांना आग झाली आणि विसरून मी डोळ्याला हात लावला, तू असतीस तर गल्लीला ऐकू जाईल इतकी हसली असतीस. पसरट कुंडीत, भुसभुशीत मातीत, वर राखेचा हात फिरवून. काडी खोचली नाही. काय लिहायचं तेच ठरलं नाही. नसीमने वरून विचारलं की रोपं झाली की दोन तिच्या मुलीला खंडव्याला द्याल का, आणि मी विचार न करता हो म्हणून बसले. अजून उगवलेलं काही नाही, आणि वाटप सुरू.

तुझं जाणं मला मान्य नाही, सुमन. रोज सकाळी ते मला नव्याने कोणीतरी सांगतं आणि रोज मी वाद घालते. तुझ्याबरोबर या घरात राहायला मिळालं याबद्दल कोणाचे आभार मानायचे असतात तेही मला कळत नाही. कदाचित तुझ्या आईचे.

कुंडीत अजून काहीच वर आलेलं नाही. मी दिवसातून दहा वेळा जाऊन वाकून बघते. तू म्हणायचीस, सारखं बघितलं की बी लाजतं, वर येत नाही. लाजू दे. मी बघणार.